दारावरचा विक्रेता आणि आपली भीड

दुपारचे अडीच वाजलेले असतात. नोकरीची माणसे नोकरीवर आणि शाळेची मुले शाळेत गेलेली असतात. घरातील वडीलधाऱ्या बाईने नुकतेच अंग टाकलेले असते. नेमक्या अशा वेळी दाराची घंटा वाजते. दार उघडावे तर समोर इस्त्रीचा सदरा, गळ्यात टाय, खांद्याला जड पिशवी आणि घामाने निथळणारा एक तरुण चेहरा. "नमस्कार काकू! मी काही विकायला आलेलो नाही. फक्त दोन मिनिटे हवी आहेत."

त्या दोन मिनिटांचा पाऊण तास होतो. आणि पाऊण तासानंतर घरात अशी एक वस्तू आलेली असते, की जिची गरज सकाळपर्यंत घरातील कोणालाही वाटलेली नव्हती.

या प्रसंगाविषयी आपल्या कॅन्टीनमध्ये दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, हे सगळे भामटे. त्यांना दारच उघडू नये. दुसरा पक्ष म्हणतो, बिचारे पोटासाठी वणवण करतात. घेतले काहीतरी तर काय बिघडले? माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात. हे मी ऐकीव माहितीवर म्हणत नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अकरा दिवस ती पिशवी खांद्यावर घेऊन मी स्वतः सांगलीच्या उन्हात हिंडलो आहे. उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या माणसाचे हे म्हणणे आहे, एवढ्यासाठी तरी वाचकांनी ते ऐकून घ्यावे.

दारावर येऊन माल विकणे यात मुळात काही वाईट नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. बोहारीण, कासार, कल्हईवाला, घोंगडीवाला, हिवाळ्यात शालींचे गाठोडे घेऊन येणारा काश्मिरी विक्रेता ही मंडळी आपल्या वाडवडिलांच्या अंगणात वर्षानुवर्षे येत होती. १९६९ साली करसनभाई पटेल अहमदाबादेत सायकलवरून दारोदार धुण्याची पावडर विकत होते. तीच पुढे 'निरमा' या नावाने देशभर गेली. तेव्हा दारोदार फिरणारा तो फसवणारा, असे समीकरण मांडणे हा कष्टकरी माणसावर अन्याय आहे.

बोहारीण काही साधीभोळी नव्हती. एका पातेल्यासाठी तीन साड्या घेऊन वर चौथीवर डोळा ठेवणारी ती बाई होती. माझ्या आईने तिच्याशी घासाघीस करण्यात अर्ध्या अर्ध्या दुपारी घालविलेल्या आहेत. परंतु त्या व्यवहारात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे वेळ. "आज राहू दे, पुढच्या खेपेला बघू," असे म्हणण्याची मुभा दोघींनाही होती. दुसरी म्हणजे पुढची खेप. कल्हई चार दिवसांत उडाली, तर कल्हईवाल्याला पुन्हा त्याच आळीत तोंड दाखवायचे असे. त्याचा प्रामाणिकपणा त्याच्या स्वभावात होता की नव्हता हे देव जाणे, पण तो त्याच्या वाटेत नक्की होता. आजच्या दारावरच्या विक्रीतून नेमक्या याच दोन गोष्टी काढून घेतलेल्या आहेत. विक्रेता पुन्हा येणार नसतो, आणि गिऱ्हाइकाला वेळ मिळू द्यायचा नसतो.

हे मला कसे कळले, ते सांगतो. माझे गाव तासगाव तालुक्यात आहे. पुढील वर्षाचे खोलीभाडे सुट्टीतच जमवावे या विचारात असताना बसस्थानकाच्या भिंतीवर एक कागद दिसला : 'विद्यार्थ्यांना सुवर्णसंधी. अनुभवाची आवश्यकता नाही.' गेलो. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची विक्री करावयाची होती. पगार नाही, विकेल त्यावर कमिशन. प्रात्यक्षिकाच्या पेटीसाठी पंधराशे रुपये अनामत भरावयाची. ती मी वडिलांकडून मागून भरली. नोकरीसाठी नोकरानेच पैसे भरायचे, यातील विपरीतपणा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या दिवशी सुचला नाही, हे लाजेने नमूद करतो.

मग तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. सकाळी टाळ्या, घोषणा, आणि आदल्या दिवशी ज्याने जास्त विक्री केली त्याचा सत्कार. तेथे सगळेच एकमेकांना 'सर' म्हणत. कालपर्यंत ज्याला घरी कोणी विचारत नव्हते असा मुलगा दोन दिवसांत ताठ चालू लागे. शिकविले ते असे. विकायला आलो, असे कधी म्हणायचे नाही. पाण्याचे सर्वेक्षण करतो, असे म्हणायचे. प्रथम प्यायला पाणी मागायचे, कारण पाणी द्यायला कोणी नाही म्हणत नाही, आणि एकदा पाणी दिले की माणूस आत घेतल्यासारखाच होतो. पुढे ज्यांचे उत्तर 'हो'च येईल असेच प्रश्न विचारायचे : "काकू, मुलांची तब्येत महत्त्वाची आहे ना?" किंमत अगदी शेवटी सांगायची. सांगितल्यावर लगेच ती कमी करायची, पण 'फक्त आज संध्याकाळपर्यंत'. आणि सगळे उपाय थकले तर खालच्या आवाजात म्हणायचे, "काकू, माझी आजची एकच विक्री राहिली आहे."

आमचे प्रशिक्षक एक वाक्य रोज म्हणत. "'विचारून सांगते' म्हणणारे गिऱ्हाईक गेले असे समजा." त्या वेळी ते मला धंद्याचे सूत्र वाटले. आज वाटते, त्या वाक्यात त्यांनी स्वतःच्याच मालाविषयी कबुली दिली होती. जी वस्तू एका रात्रीचा विचार सोसू शकत नाही, ती वस्तू घरात कशाला हवी?

मानसशास्त्राच्या पुस्तकात या युक्तीला 'दारात पाऊल' अशा अर्थाचे नाव आहे. १९६६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील फ्रीडमन आणि फ्रेझर या दोघांनी कॅलिफोर्नियातील घरोघरी जाऊन एक प्रयोग केला. सुरक्षित वाहन चालविण्याविषयीचा एक अवाढव्य, बेढब फलक तुमच्या अंगणात लावू द्या, अशी विनंती त्यांनी केली. थेट विचारले तेव्हा शंभरातील सतराहून कमी लोक तयार झाले. परंतु ज्यांनी दोन आठवडे आधी त्याच विषयावरची एक लहानशी पट्टी लावून घेतली होती, त्यांच्यापैकी शहात्तर टक्के लोकांनी तो फलकही मान्य केला. लहान 'हो' मोठ्या 'हो'ची वाट करून देतो. आमचा पाण्याचा पेला म्हणजे तीच लहानशी पट्टी होती.

आता पाण्याच्या त्या प्रात्यक्षिकाकडे वळतो, कारण महाराष्ट्रातील पुष्कळ घरांनी ते पाहिले असेल. दोन पेले घ्यायचे. एकात घरच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात आपल्या यंत्राचे. दोन्हीत विजेच्या पेटीला जोडलेल्या लोखंडाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सळ्या बुडवायच्या आणि बटन दाबायचे. एका मिनिटात नळाचे पाणी तपकिरी, हिरवट, गटारासारखे होते. यंत्राचे पाणी जवळजवळ तसेच राहते. "काकू, ही घाण रोज मुलांच्या पोटात जाते." एवढे म्हटले की पुढे फारसे बोलावे लागत नाही.

आठव्या दिवशी मी विश्रामबागेतील एका बंगलीत गेलो. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एक आजी तेथे एकट्या राहत. मी पाणी मागितले, त्यांनी ताक दिले. "उन्हाचा हिंडतोस बाळ, आधी बस," म्हणाल्या. मी बसलो आणि प्रात्यक्षिक केले. पाणी काळवंडलेले पाहून त्यांचा चेहरा उतरला. सुट्टीत पुण्याहून नातू येणार होता, आणि मागच्या खेपेला त्याचे पोट बिघडले होते. यंत्राची किंमत अठरा हजार होती. त्यांनी कपाटातून एक पाकीट काढले आणि त्यातील तीन हजार रुपये आगाऊ म्हणून माझ्या हातावर मोजून ठेवले. त्या दिवशी संध्याकाळी माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

अकराव्या दिवशी एका घरात बारावी विज्ञान शाखेची एक मुलगी होती. तिने सगळे प्रात्यक्षिक शांतपणे पाहिले, स्वयंपाकघरातून मीठ आणले आणि म्हणाली, "दादा, तुमच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा करून दाखवा." आता मागे फिरणे शक्य नव्हते. मी बटन दाबले. एका मिनिटात आमचे शुद्ध पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही काळे झाले.

महाविद्यालय सुरू झाल्यावर रसायनशास्त्राच्या सरांनी त्याचे कारण समजावून दिले. पाण्यात विरघळलेले क्षार असले की त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची सळई झिजते आणि तिचे लोह पाण्यात उतरून गंजासारखा गाळ तयार होतो. जी घाण दिसते ती पाण्यातली नसून सळईची असते. यंत्राने क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून त्या पेल्यात वीज जवळजवळ वाहतच नाही. पाण्यात रोगजंतू आहेत की नाहीत, याविषयी हा प्रयोग काहीही सांगत नाही. क्षारांचा आकडा दाखविणारे खिशातले उपकरणही जंतूंविषयी गप्पच असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात, आणि दुसरे पाणी नसेल तर २००० पर्यंत. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र काही घरांना खरोखरच लागते, हे मी नाकारीत नाही. पण ते लागते की नाही हे ठरविण्याचा हा मार्ग नव्हे.

मिठाच्या त्या चिमटीनंतर मी पेटी परत केली आणि पहिल्याने आजींकडे गेलो. सगळे सांगितले. मला वाटले होते, त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "मला थोडा संशय आला होता रे. तू घाई फार करत होतास. पण उन्हातून आलेल्या पोराला घरात बसवून, ताक पाजून, मग 'नको' कसे म्हणायचे?"

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आजी अडाणी नव्हत्या. त्यांनी तीस वर्षे मुलांना गणित शिकविले होते. त्या लोभीही नव्हत्या. त्या फसल्या त्या त्यांच्या चांगुलपणामुळे. आपण नेहमी म्हणतो की लोभी माणूस फसतो. साखळी योजनांत आणि दामदुपटीत ते खरे असेल. दारावरच्या विक्रीत मात्र भिडस्त माणूस फसतो. पाहुण्याला पाणी द्यावे, वडीलधाऱ्याने लहानाला दुखवू नये, दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, या आपल्या घरोघरच्या शिकवणी कोणीतरी वहीत उतरवून घेतल्या आहेत आणि त्यांचे किल्ल्यांसारखे घोस केले आहेत. 'भीड ही भिकेची बहीण' ही म्हण आपण शाळेत पाठ केली. तिचा अर्थ मला त्या ओसरीवर कळला.

आजींनी स्वच्छ अक्षरात एक अर्ज लिहिला, पावतीची प्रत जोडली, पोचपावतीसह तो रजिस्टर पोस्टाने पाठविला, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविली. तीन आठवड्यांनी त्यांचे तीन हजार परत आले. माझे पंधराशे आले नाहीत. मी आणखी दोन घरांत यंत्र खपविले होते, तेथेही गेलो. एका घराने ऐकून घेतले. दुसऱ्या घराने दार लावून घेतले, आणि ते योग्यच केले. त्यांचे पैसे परत मिळालेले नाहीत. हा हिशेब माझ्या नावावर शिल्लक आहे.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. आपल्याकडे ग्राहक चळवळ जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९७८ साली पैसे फिरविण्याच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा झाला. १९८६ साली पहिला ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याच्या जागी २०१९ चा कायदा २०२० पासून लागू झाला. त्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम निघाले. दुकानाऐवजी विक्रेत्यांच्या जाळ्यामार्फत माल विकणाऱ्यांना ते लागू आहेत. या नियमांप्रमाणे विक्रेत्याजवळ ओळखपत्र हवे, आधी वेळ ठरविल्याशिवाय किंवा परवानगीशिवाय त्याने घरी येऊ नये, आणि बोलण्याच्या आरंभीच आपण कोण, कोणाच्या वतीने आणि काय विकायला आलो हे खरेपणाने सांगावे. म्हणजे "मी विकायला आलेलो नाही" हे आमचे पहिलेच वाक्य नियमाविरुद्ध होते! जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

अमेरिकेत १९७४ पासून घरी येऊन केलेल्या विक्रीचा करार तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. पण माणसाची युक्ती कायद्याच्या पुढे धावते. रॉबर्ट चालदिनी या मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या 'इन्फ्लुअन्स' या पुस्तकात नोंद आहे की, असे कायदे आल्यावर काही कंपन्यांनी करारपत्र ग्राहकाकडूनच, त्याच्याच हस्ताक्षरात, भरून घ्यायला सुरुवात केली. स्वतःच्या हाताने लिहिलेले माणूस सहसा मोडत नाही. तात्पर्य, कायदा उंबरठ्यापर्यंत येतो; उंबरठ्यावर आपले आपणच उभे राहिले पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे : जो आपल्याला वेळ देत नाही, त्याला आपण पैसे देऊ नयेत. ही एकच कसोटी पुरेशी आहे. दारी आलेल्याला पाणी जरूर द्यावे. पाण्याचा आणि पैशाचा काही संबंध नाही, हे मात्र मनाशी पक्के असावे. त्याचे नाव विचारावे, ओळखपत्र पाहावे, किंमत आणि अटी छापलेला कागद मागावा, आणि "उद्या सांगते" म्हणावे. प्रामाणिक विक्रेता या तिन्ही गोष्टी आनंदाने देईल, उद्या येईलही. ज्याची सवलत संध्याकाळी संपते, त्याला संध्याकाळपर्यंत सुखाने जाऊ द्यावे. गॅसची नळी तपासायला आलो म्हणणाऱ्याला दारातच थांबवून गॅसच्या पुस्तकावरील वितरकाच्या क्रमांकावर फोन करावा. दागिने चमकवून देतो म्हणणाऱ्याच्या हाती तर दागिना देऊच नये. त्याच्या द्रावणात सोने उतरते आणि आपल्या हाती फक्त चमक येते.

यावर आक्षेप येईल की, असे सगळेच वागू लागले तर त्या गरीब मुलांनी काय करायचे? मी त्या मुलांपैकीच एक आहे, म्हणून उत्तर देतो. आपण दयेने दिलेले पैसे त्या मुलाला फार थोडे मिळतात. त्यातून त्या पद्धतीला बळ मिळते, आणि ती पद्धत पुढच्या महिन्यात पंधराशे रुपये अनामत घेऊन आणखी दहा मुलांना उन्हात पाठविते. दारात उभा असलेला मुलगा बहुधा पहिला फसलेला असतो; आपण दुसरे. त्याच्यावर ओरडू नये, दार आपटू नये, पण 'नको' हा शब्द स्वच्छ उच्चारावा. मला त्या अकरा दिवसांत शिव्या पुष्कळ मिळाल्या. त्यांनी मी सुधारलो नाही. मला थांबविले ते मीठ आणून शांतपणे प्रश्न विचारणाऱ्या मुलीने.

माझ्या वर्गमित्रांना एक विनंती आहे. ज्या नोकरीसाठी आधी आपल्यालाच पैसे भरावे लागतात, ती नोकरी नव्हे. तेथे पहिले गिऱ्हाईक आपणच असतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही प्रवेश शुल्क किंवा प्रात्यक्षिकाच्या साहित्याचा खर्च विक्रेत्याकडून घेऊ नये, असेच म्हटले होते. आणि प्राध्यापकवर्गास एक सूचना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. ते चांगलेच आहे. यंदा त्याबरोबर दोन पेले, दोन सळ्या आणि चिमूटभर मीठ घेऊन गल्लीगल्लीतून ते प्रात्यक्षिक करून दाखवावे. विज्ञान शाखेने पाणी सांभाळावे, बोलण्याचे काम आम्ही कला शाखेचे विद्यार्थी करू. बोलणे मला चांगले शिकविण्यात आलेले आहे, आणि त्याचा एकदा तरी सदुपयोग व्हावा अशी माझी इच्छा आहे.

आजींकडे मी अजून अधूनमधून जातो. मागच्या महिन्यात मी बसलेलो असतानाच घंटा वाजली. एक मुलगा होता, चटयांची वळकटी घेऊन आलेला. आजींनी त्याला ओसरीवर बसविले, ताक दिले, चटया उलगडून पाहिल्या आणि म्हणाल्या, "बाळ, आज नको. पुढच्या महिन्यात आलास तर बघू." तो म्हणाला, "येईन आजी." आणि वळकटी खांद्यावर टाकून, तोंड वाईट न करता, निघून गेला.

तो परत आला, तर त्याच्याकडून एक चटई मी घेणार आहे.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)